सीताफळ, गुणसूत्रांची टोकं आणि कमलताई रणदिवे



सीताफळाचा आणि कॅन्सरचा संबंध काय, असं कुणी विचारलं तर आपण हसू. पण इतिहासात असे आडवळणाचे संबंध फार सापडतात. १९४३ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजातून पंचविशीतल्या एका विवाहितेनं एम.एस्सी. केलं. तिचा विषय होता सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं. त्या म्हणजे कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ. जन्म ८ नोव्हेंबर १९१७, पुणे. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन, आणि त्याच कॉलेजात वडील जीवशास्त्राचे प्राध्यापक. मुलीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं अशी वडिलांची इच्छा होती म्हणतात. मुलीनं दोन्ही केलं नाही! १९३९ मध्ये जे. टी. रणदिवे या गणिताच्या माणसाशी लग्न केलं, मुंबईला आल्या आणि परळच्या टाटा हॉस्पिटलात कामाला लागल्या.

आज लिहायचंय ते त्यांच्याबद्दल, पण फक्त त्यांच्याबद्दल नाही. आपल्या अंगातल्या पेशी म्हाताऱ्या का होतात, आणि कॅन्सरच्या पेशी का होत नाहीत, या प्रश्नाचा पाठलाग माणसांनी शंभरेक वर्षं कसा केला त्याची ही हकिगत आहे. मी बी.ए. झालेली, जन्मभर उल्हासनगरात मराठी आणि इतिहास शिकवलेली बाई. तेव्हा यात रसायनशास्त्र थोडं आणि माणसं जास्त असणार. पण गेली काही वर्षं या विषयावर जे हाती लागेल ते वाचते आहे. त्याचं कारण पुढे येईलच.

आधी परळ. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. त्यांच्या आठवणीतून पुढे जे उभं राहिलं ते टाटा मेमोरियल हॉस्पिटल. २८ फेब्रुवारी १९४१ ला ते सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. आपल्याकडे कॅन्सर संशोधनाचा पाया कुणी घातला असं विचारलं तर पहिलं नाव यांचं. हा माणूस नुसता सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारा नव्हता, लोक राहतात कसे, खातात काय, नेसतात काय हे बघणारा होता. १९४५ मध्ये त्यांनी सहकाऱ्याबरोबर लिहिलेला एक निबंध फार गाजला. त्यात धोतराच्या कर्करोगाचं वर्णन आहे. वर्षानुवर्षं धोतराची गाठ कमरेला एकाच जागी काचते, तिथली कातडी घट्टे पडून निबर होते आणि काही जणांना तिथेच कर्करोग होतो. तंबाखू ओठात धरून ठेवणाऱ्यांचा आणि पेटलेलं टोक तोंडात ठेवून चिरूट ओढणाऱ्यांचा कर्करोगही त्यांनी असाच नोंदवला. सारखं सारखं काचलं की पेशींना सारखं सारखं नव्यानं विभागावं लागतं, हा धागा लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

खानोलकरांच्या हाताखाली कमलताईंनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. त्यांचं काम उंदरांतल्या स्तनांच्या कर्करोगावर होतं. आनुवंशिकता, हार्मोन्स आणि विषाणू या तिन्हींचा एकमेकांशी काय मेळ बसतो हे त्या बघत होत्या. मग खानोलकरांनीच त्यांना अमेरिकेला जाऊन ऊतीसंवर्धन शिकून यायला सांगितलं. ऊतीसंवर्धन म्हणजे शरीरातल्या जिवंत पेशी बाहेर काढून काचेच्या नळीत खाऊपिऊ घालून वाढवायच्या. बोलायला सोपं, करायला महाकठीण. त्या बाल्टिमोरला गेल्या, जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत.

आणि इथे आपली गोष्ट एका तंबाखू पिकवणाऱ्या घरातल्या बाईला येऊन मिळते.

* * *

हेन्रिएटा लॅक्स. कृष्णवर्णीय, पाच मुलांची आई. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी १९५१ च्या सुरुवातीला जॉन्स हॉपकिन्समध्ये आली. उपचारांच्या वेळी डॉक्टरांनी गाठीचा एक छोटा तुकडा काढून गाय यांच्या प्रयोगशाळेत पाठवला. तिला विचारलं नाही. त्या काळी कुणालाच विचारत नसत. गाय वर्षानुवर्षं माणसाच्या पेशी नळीत वाढवायचा प्रयत्न करत होते. त्यासाठी नळ्या सतत हळूहळू फिरत्या ठेवणारं एक पिंपासारखं यंत्रही त्यांनी स्वतः बनवलं होतं. पण पेशी थोडे दिवस जगत आणि मरत. या बाईच्या पेशी मात्र मेल्या नाहीत. साधारण चोवीस तासांत दुप्पट, दुसऱ्या दिवशी पुन्हा दुप्पट. तिच्या नावाची पहिली अक्षरं घेऊन पेशींचं नाव पडलं हेला.

४ ऑक्टोबर १९५१ ला हेन्रिएटा गेली. वय ३१. पेशी आजही जिवंत आहेत. पोलिओच्या लशीच्या चाचण्या त्यांच्यावर झाल्या. जगभरच्या प्रयोगशाळांत त्या गेल्या. आपल्या पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, तिथे अशा पेशींची पेढीच आहे. इकडे घरच्यांना वीसेक वर्षं पत्ता नव्हता. पुस्तकांतून तिचं नावही कुठे कुठे ‘हेलन लेन’ असं चुकीचं छापलं जायचं. २०१० मध्ये रिबेका स्क्लूट यांनी तिच्यावर पुस्तक लिहिलं तेव्हा जगाला ती खऱ्या अर्थानं कळली. २०२३ मध्ये तिच्या वारसांची आणि एका मोठ्या कंपनीची कोर्टाबाहेर तडजोड झाली. म्हणजे ७२ वर्षांनी.

कमलताई बाल्टिमोरहून परत आल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. देशातल्या अगदी पहिल्या प्रयोगशाळांपैकी ही. पेशींना लागणारं खाद्य परदेशातून मागवणं परवडण्यासारखं नव्हतं, मग ते इथेच बनवायला घेतलं. १९६६ ते १९७० त्या केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या. याच १९६६ मध्ये ते केंद्र आणि टाटा हॉस्पिटल एकत्र झाले. त्यातली संशोधनाची बाजू २००२ मध्ये खारघरला गेली.

* * *

आता ते वाचनाचं कारण. माझी अक्का, म्हणजे थोरली बहीण, अंबरनाथला असायची. भावजी ऑर्डनन्स फॅक्टरीत. १९९१ साली तिला स्तनाचा कॅन्सर निघाला. मी तेव्हा बदलापूरला राहायला आले होते. शाळेला रजा टाकून मी पहाटेची कर्जत लोकल धरायची, अंबरनाथला अक्का चढायची, दादरला उतरून मग परळ. अक्काबरोबर कधी कधी तिच्या शेजारच्या सिंधी काकू यायच्या. डब्यात त्यांची कोकी आणि आमची भाकरी. टाटाच्या आवारात भारतभरची माणसं पथाऱ्या पसरून बसलेली असायची. बिहारची, आसामची, आपल्या विदर्भातली. आपण रात्री घरी परत जातो एवढ्याचंही तिथे अप्रूप वाटायचं. अनेकांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचाच आसरा होता.

अक्का सातवी शिकलेली, पण प्रश्न विचारायला भ्यायची नाही. एकदा तिनं तिथल्या तरुण डॉक्टरांना विचारलं, “डॉक्टरसाहेब, बाकीचं सगळं अंग म्हातारं व्हायला लागलंय माझं. केस गेले, गुडघे गेले. मग ही गाठच एवढी तरणीताठी कशी?”

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, “आजी, याच प्रश्नावर जगभर काम चाललंय.” (अक्का तेव्हा चौपन्नची. ‘आजी’ म्हटल्याचा राग तिला परतीच्या गाडीत कल्याणपर्यंत पुरला.)

पुढे नऊ वर्षं अक्का चांगली जगली. २००० साली गेली. तिचा प्रश्न मात्र माझ्याकडे राहिला.

* * *

तर प्रश्नाचा इतिहास. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सगळ्यांची समजूत अशी होती की पेशी मुळात अमर असतात, म्हातारं होतं ते शरीर. याला कारण अलेक्सिस कॅरेल हे मोठे शल्यविशारद. १९१२ मध्ये त्यांनी कोंबडीच्या गर्भाच्या हृदयाच्या पेशी नळीत ठेवल्या आणि पुढे ३४ वर्षं त्या जिवंत असल्याचं सांगितलं गेलं. त्याच साली त्यांना दुसऱ्या कामासाठी नोबेल मिळालेलं, मग बोलणार कोण? दुसऱ्या कुणाच्या पेशी जगल्या नाहीत तर त्याचाच हात नीट नाही असं ठरायचं. आज असं मानतात की पेशींना जो अर्क खायला घालत त्यातूनच नकळत ताज्या पेशी आत जात असाव्यात.

१९६१ मध्ये फिलाडेल्फियात लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी या समजुतीला धक्का दिला. माणसाच्या साध्या, निरोगी पेशी साधारण पन्नास वेळा दुप्पट होतात आणि थांबतात. काहीही खाऊ घाला, थांबतात म्हणजे थांबतात. जुन्या पुरुषी पेशी आणि तरुण स्त्री पेशी एकाच भांड्यात वाढवल्या, तर जुन्या थांबल्या आणि तरुण चालत राहिल्या. म्हणजे भांड्याचा, हाताचा दोष नव्हता. पेशी आतल्या आत मोजत होती! पहिल्या नियतकालिकानं हा निबंध साभार परत पाठवला. दुसऱ्यानं छापला. आता या मोजणीला हेफ्लिक मर्यादा म्हणतात.

आपल्याकडे लोकलची कूपनं मिळायची, आठवतात? आता बंद झाली ती. एक गठ्ठा घ्यायचा आणि प्रत्येक प्रवासाला त्यातली थोडी यंत्रात घालून शिक्का मारायचा. गठ्ठा संपला की प्रवास बंद. पेशीचं तसंच. पण तिचा गठ्ठा ठेवलेला असतो कुठे?

याचं उत्तर मॉस्कोच्या भुयारी रेल्वेत सुचलं. अलेक्सी ओलोव्हनिकोव्ह नावाचा तरुण रशियन शास्त्रज्ञ हेफ्लिकच्या शोधावरचं व्याख्यान ऐकून घरी चालला होता. स्टेशनात गाडी येताना पाहून त्याच्या मनात आलं, की डीएनए म्हणजे रूळ आणि त्याची नक्कल करणारं विकर म्हणजे गाडी. ही गाडी पुढचे रूळ वाचत जाईल, पण सुरुवातीला ती स्वतः ज्या रुळांवर उभी आहे तेवढ्या तुकड्याची नक्कल ती कशी करणार? तो तुकडा दर वेळी राहून जाणार. म्हणजे प्रत्येक विभाजनात दोरा टोकाला थोडा आखूड होणार. रोज गाडीतून लोंबकळणाऱ्या आपल्या बदलापूर-अंबरनाथच्या लोकांना हे लगेच पटेल! ही कल्पना त्यानं १९७१ मध्ये रशियनमध्ये छापली. पुढच्याच वर्षी डीएनएवाल्या वॉटसननंही हीच अडचण स्वतंत्रपणे मांडली.

आपल्या ‘गुणसूत्र’ या शब्दातच सूत्र आहे, दोरा आहे. साडीच्या पदराच्या टोकाला आपण गोंडे बांधतो ते शोभेसाठी असतातच, पण ते नसले तर सूत उसवत जातं. गुणसूत्रांच्या टोकांनाही असे गोंडे असतात. त्यांना टेलोमिअर म्हणतात. हे नाव १९३८ मध्ये हर्मन म्युलर यांनी दिलं, आणि जवळपास त्याच काळात बार्बरा मॅक्लिंटॉक या बाई मक्याच्या गुणसूत्रांत तेच बघत होत्या. टोक तुटलं की गुणसूत्रं एकमेकांना चिकटतात हे त्यांनी दाखवलं. त्या मका बघत होत्या आणि इकडे पुण्यात कमलताई सीताफळाची गुणसूत्रं बघत होत्या. माणसाच्या रोगाची किल्ली झाडांच्या अभ्यासात असू शकते, हे त्या पिढीला कुणी शिकवायला लागलं नाही.

माणसाच्या गोंड्यात डीएनएची सहा अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, हजारो वेळा, पाढे घोकल्यासारखी. त्यांना स्वतःचा काही अर्थ नाही. त्यांचं काम एवढंच, की झिजायचं असेल तर आम्ही झिजू, आतला मजकूर राहू दे. पुरवणीच्या कडेला आपण मुलांना समास सोडायला लावायचो ना, तसं. कड फाटली तरी उत्तर शाबूत. प्रत्येक विभाजनात यातली ५० ते २०० अक्षरं जातात. समास संपत आला की पेशी विभागणं थांबवते. ती मरतेच असं नाही, पण निवृत्त होते. (माझ्यासारखी.)

* * *

मग जन्मापासून नव्या बाळाला पूर्ण समास मिळतो कसा? कुणीतरी तो पुन्हा लांब करत असलं पाहिजे. ते ‘कुणीतरी’ म्हणजे टेलोमरेज नावाचं विकर, एन्झाइम. ते सापडलं डबक्यातल्या एका केसाळ एकपेशीय जीवात, टेट्राहायमिनात. एलिझाबेथ ब्लॅकबर्न या मूळच्या टास्मानियाच्या बाईंनी त्याची टोकं आधी वाचली होती, कारण या एवढ्याशा जिवात हजारो बारकी गुणसूत्रं असतात, म्हणजे टोकंच टोकं. १९८४ मध्ये त्यांच्याकडे कॅरोल ग्रायडर ही तेवीस वर्षांची विद्यार्थिनी आली. त्याच वर्षीच्या नाताळच्या दिवशी ती एकटी प्रयोगशाळेत गेली, फिल्म धुतली आणि तिच्यावर शिडीच्या पायऱ्यांसारख्या रेषा दिसल्या. सहा सहा अक्षरांनी दोरा वाढत होता. ते विकर सापडलं होतं.

माझ्यातल्या शिक्षिकेला यात वेगळंच काही भावलं. या कॅरोलला लहानपणी अक्षरं नीट लागत नसत. शुद्धलेखन कच्चं म्हणून शाळेत तिला वेगळ्या वर्गात बसवायचे. पुढे तो डिस्लेक्सिया असल्याचं कळलं. २००९ मध्ये ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि जॅक शोस्टाक या तिघांना नोबेल मिळालं. फोन आला तेव्हा ग्रायडरबाई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. ओलोव्हनिकोव्हचं नाव यादीत नव्हतं.

आता अक्काच्या प्रश्नाकडे. टेलोमरेज गर्भात जागं असतं, बीजपेशींत आणि रक्त-आतड्यांच्या मूळपेशींत थोडंफार जागं असतं. पण शरीरातल्या बहुतेक साध्या पेशींत ते झोपवलेलं असतं. आणि ते मुद्दाम आहे! काचलेल्या जागी, तंबाखूनं पोळलेल्या गालात, पेशी सारखी विभागत राहते, चुका साठत जातात. तिथे समास संपणं हा शेवटचा ब्रेक आहे. बहुतेक बिघडलेल्या पेशी तिथेच थांबतात. एखादीच पेशी टेलोमरेज जागं करते आणि कूपनं स्वतःच छापायला लागते. मग तिला थांबा नाही. अंग म्हातारं आणि गाठ तरणीताठी, ती अशी.

१९८९ मध्ये माणसाचं टेलोमरेज पहिल्यांदा सापडलं ते कुठे? हेन्रिएटाच्या पेशींत. म्हणजे गाय यांच्या नळीतल्या पेशी का मेल्या नाहीत याचं उत्तर त्या नळीतच होतं, कळायला ३८ वर्षं लागली. १९९४ मध्ये गाठींचे १०१ नमुने तपासले तेव्हा ९० मध्ये हे विकर जागं होतं. आजही ढोबळमानानं दहातल्या साडेआठ-नऊ कॅन्सरमध्ये ते असतं असं मानतात. उरलेले दुसऱ्या आडमार्गानं टोकं लांब करतात.

* * *

आता घरातल्या मंडळींसाठी. आपल्या ग्रुपवर मध्यंतरी एक जाहिरात फिरली. “नोबेल-विजेत्या शोधावर आधारित, टेलोमरेज जागं करा, वय थांबवा.” कॅप्सूल, महिनाभराच्या बाटलीची किंमत माझ्या पेन्शनला घाम फोडणारी. दोघातिघांनी मला विचारलं, घ्यायची का? मी तेव्हा एका ओळीत ‘नको’ लिहिलं. त्या ‘नको’चं हे सविस्तर स्पष्टीकरण समजा.

ज्यांचे टेलोमिअर जन्मतः फार आखूड असतात त्यांना खरोखर त्रास होतो. अस्थिमज्जा थकते, रक्त कमी पडतं, फुप्फुसं निबर होतात. म्हणून लांब ते चांगलं असं वाटणं साहजिक आहे. पण २०२३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्याच संशोधकांनी अशा काही कुटुंबांचा अभ्यास छापला, ज्यांचे टेलोमिअर आनुवंशिकतेनं फार लांब होते. काहींचे केस उशिरा पांढरे झाले, हे खरं. पण त्यांच्यात निरनिराळ्या गाठी आणि रक्ताचे विकार जास्त निघाले. लांब समास म्हणजे चुका साठवायला जास्त वेळ. आपल्या पुराणांत अमरपणाचा वर मागणारे बहुधा असुरच असतात, हे आपण लहानपणी नुसतं ऐकलं. आपलं एक अंग वर मागतं तेव्हा त्याला गाठ म्हणतात.

मग उलट करावं? विकर बंद करणारं औषध द्यावं? हाच प्रयत्न तीस वर्षं चालू आहे आणि त्याचा इतिहास ‘चमत्कार’ या सदरात बसत नाही. टेलोमरेजविरुद्ध एक लस बनवली, ब्रिटनमध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या १,०६२ रुग्णांवर चाचणी झाली, २०१४ मध्ये निकाल आला: आयुष्य वाढलं नाही. इमेटेलस्टॅट नावाचं औषध विकराच्या साच्यातच जाऊन बसतं. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये त्यानं निराशा केली. एक अडचण अशी की विकर आज बंद केलं तरी गाठ लगेच थांबत नाही, उरलेला समास संपेपर्यंत ती वाढतच राहते. दुसरी अडचण ही की रक्ताच्या चांगल्या मूळपेशींनाही त्या विकराची गरज असते. तरी लोकांनी सोडलं नाही. जून २०२४ मध्ये अमेरिकेनं याच औषधाला मान्यता दिली. मात्र मोठ्या गाठींसाठी नव्हे, तर मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम या अस्थिमज्जेच्या विकारातल्या कमी धोक्याच्या रुग्णांसाठी, ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं. काहींचं रक्त चढवणं अनेक महिने थांबतं. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून जपून द्यावं लागतं. ग्रायडरच्या नाताळापासून औषधाच्या दुकानापर्यंत जवळजवळ ४० वर्षं.

मला हे वाचून निराश व्हायला झालं नाही. १९९१ मध्ये त्या डॉक्टरांनी अक्काला खोटं आश्वासन दिलं नव्हतं, एवढंच कळलं. काम चालू होतं. ते एवढं हळू चालतं.

* * *

दरम्यान, त्याच परळहून एक अगदी साधं काम झालं. हेन्रिएटाला जो कर्करोग झाला तो एका विषाणूमुळे होतो हे १९८० च्या दशकात जर्मनीच्या हाराल्ड झुर हाउझेन यांनी दाखवलं. तिच्या पेशींतही तो विषाणू सापडला. आणि गंमत बघा (गंमत कसली!), तो विषाणू पेशीत शिरून जी कारस्थानं करतो त्यातलं एक म्हणजे टेलोमरेजला जागं करणं. म्हणजे विषाणूला अडवलं तर विकरापर्यंत जायची वेळच येत नाही.

टाटा हॉस्पिटलनं १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. अर्ध्या वस्त्यांत दहावी शिकलेल्या आरोग्यसेविकांना थोडं प्रशिक्षण देऊन दर दोन वर्षांनी गर्भाशयमुखाची तपासणी करायला लावली. साधन काय, तर व्हिनेगर, म्हणजे आपलं लोणच्यात पडतं ते. ते लावलं की बिघडलेला भाग पांढरा दिसतो. २०१३ मध्ये डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी निकाल मांडला: या कर्करोगानं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. दुसऱ्या वस्त्यांतल्या बायकांना मात्र तेवढी वर्षं तपासणीशिवाय, फक्त आरोग्यशिक्षणावर ठेवलं होतं, त्यावरून नंतर बरीच टीकाही झाली. हेन्रिएटाला न विचारण्यापासून सुरू झालेला वाद असा आपल्या दारापर्यंत येतो. तो संपलेला नाही, आणि संपू नये. त्या विषाणूवरची लसही आता पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते, २०२३ च्या जानेवारीत ती आली.

कमलताईंनी हे निकाल पाहिले नाहीत. त्या २००१ मध्ये गेल्या. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्यांच्या पुढाकारानं भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना उभी राहिली, आणि तिच्यामार्फत त्यांनी नगर जिल्ह्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचं, गावच्या बायकांच्या आरोग्याचं काम केलं. बाल्टिमोरमध्ये शिकून आलेली बाई उतारवयात खेड्यातल्या बायकांत बसून काय करत होती, असा प्रश्न मला आधी पडायचा. आता पडत नाही. २०२१ मध्ये त्यांच्या जन्मदिवशी गूगलनं पहिल्या पानावर त्यांचं चित्र लावलं, तेव्हा शेजारच्या मुलीनं मला विचारलं, “आजी, या कोण?” मी पस्तीस वर्षं इतिहास शिकवला. पाठ्यपुस्तकात तहांच्या तारखा होत्या, कमलताई नव्हत्या.

तेव्हा मंडळी, एक काम सांगते. कॅप्सूलचे पैसे वाचले आहेत. त्यातून घरातल्या मुलींच्या लशीचं डॉक्टरांना विचारा. तिशी-पस्तिशी ओलांडलेल्या सुना-लेकी-भाच्या, तपासणी करून घ्या, उद्यावर ढकलू नका. तंबाखूची डबी कुणाच्या खिशात आहे ते मला ठाऊक आहे, नाव लिहीत नाही. आणि कुणाकडे कमलताईंच्या किंवा खानोलकरांच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या माणसांच्या आठवणी असतील तर मला जरूर कळवा. परळला नोकरी केलेली अशी कितीतरी माणसं आपल्या याच गाड्यांनी जात-येत होती. लिहून ठेवायला हवं.